चाकाचा नट, चार टनांची पकड आणि हातातली गन

मोटारीच्या चाकाचा एक नट नेमून दिलेल्या जोराने आवळला, की तो चाकाला हबवर, म्हणजे चाक जिथे बसते त्या फिरत्या तबकडीवर, सुमारे चार टनांच्या दाबाने धरून ठेवतो. जेमतेम १२ मिलिमीटर जाडीचा बोल्ट, आणि पकड चार टनांची! लहान गाडीला असे चार नट असतात, बऱ्याच मोठ्या गाड्यांना पाच. चाक बोल्टवर नुसते टांगलेले नसते. या प्रचंड दाबामुळे चाक आणि हब यांच्यात जे घर्षण तयार होते, ते चाकाला जागेवर ठेवते. घरच्या घरी गाडीचे काम करण्यासाठी बॅटरीवर चालणारी, ठोके देत नट फिरवणारी इम्पॅक्ट रेंच, म्हणजे गॅरेजमध्ये जिला सरळ ‘गन’ म्हणतात ती, घ्यायची असेल, तर विचार या नटापासून सुरू करावा असे मला मनापासून वाटते. बहुतेक जण तो खोक्यावर छापलेल्या आकड्यापासून सुरू करतात.

पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. लहान-मध्यम मोटारींच्या चाकाच्या नटाला साधारण ८० ते १२० न्यूटन-मीटर लागतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गाडीसोबत मिळणारा एल पाना पाव मीटर लांब धरला आणि त्याच्या टोकावर ७० किलोचा माणूस उभा राहिला, तर जोर होतो सुमारे १७० न्यूटन-मीटर. म्हणजे नट नीट आवळलेला असेल, तर तो पान्याने सुटायलाच हवा. तो सुटत नाही त्याची कारणे दोन. एक तर कुणीतरी हवेच्या गनने बेहिशेबी आवळलेला असतो, नाहीतर आट्यांमध्ये गंज बसलेला असतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे नट आणि बोल्ट यांच्यामधल्या बारीक फटीत तो पाचरीसारखा घट्ट बसतो. कोकणात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत गाडी उघड्यावर राहिली की हे फार लवकर होते.

आता गन काय करते ते पाहू. तिच्यातल्या मोटरची स्वतःची ताकद फार नसते. मोटर गिअरमधून एक जड फिरता हातोडा फिरवते, आणि हातोड्याचे दात पुढच्या ऐरणीच्या दातांना ढकलतात. सॉकेट, म्हणजे नटावर बसणारी पोलादी वाटी, लागते ती या ऐरणीच्या चौकोनी टोकावर. नट सहज फिरत असतो तोवर सगळे एकत्र फिरते. नट अडला की हातोडा तिरक्या खाचांतल्या पोलादी गोळ्यांवरून मागे सरकतो, स्प्रिंग दाबतो, ऐरणीच्या दातावरून सुटतो, आणि स्प्रिंगच्या रेट्याने पुढे झेपावून पुढच्या दातावर आदळतो. मिनिटाला असे तीन हजार ठोके धरू, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये २० मिलिसेकंद. समजा या २० मिलिसेकंदांत हातोड्याने १५ न्यूटन-मीटरच्या रेट्याने गती गोळा केली आणि ती एका मिलिसेकंदात ऐरणीला दिली. मग त्या क्षणापुरता जोर वीसपट, म्हणजे ३०० न्यूटन-मीटर होतो. खिळा अंगठ्याने कितीही दाबला तरी लाकडात जात नाही आणि हातोडीच्या दोन ठोक्यांत जातो, त्यामागेही हेच गणित आहे. मनगटाला मात्र फक्त तो सरासरी १५ न्यूटन-मीटरचा रेटा जाणवतो. शिवाय प्रत्येक ठोक्याचा हादरा गंजाला तडे देत जातो, म्हणून जो नट लांब पाइप लावूनही हलत नाही, तो गनने कधी कधी चार सेकंदांत सुटतो.

ठोका इतका आखूड असल्याचा आणखी एक फायदा दुचाकीवर काम करणाऱ्यांना ठाऊक असतो. स्कूटरच्या क्लचचा नट पान्याने सोडवायला गेले की आख्खा क्लचच फिरतो. तो पकडून ठेवायला वेगळे साधन लागते. गनचा ठोका संपेपर्यंत क्लचला त्याच्या जडत्वामुळे हलायला फुरसतच मिळत नाही, आणि नट सुटतो.

सोडवण्यात गन जितकी गुणी, तितकीच आवळण्यात धोक्याची. पान्याला दिलेल्या जोरापैकी ढोबळमानाने निम्मा नटाच्या तळाशी घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात, आणि उरलेला जेमतेम दहावा हिस्सा बोल्टला ताणतो. बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. ती ताणली गेल्यामुळेच पकड येते. म्हणजे आपण मोजतो टॉर्क, आणि हवा असतो ताण. मधले घर्षण बदलले की सगळा हिशेब बदलतो. कोरड्या आट्यांवर १०० न्यूटन-मीटर दिले तर ताण सुमारे चार टन येतो. त्याच आट्यांना तेल लावले तर तो साडेपाच टनांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून पुस्तिकेत स्पष्ट सांगितले नसेल, तर चाकाच्या बोल्टला तेल-ग्रीस लावू नये. १२ मिलिमीटरचा उत्तम दर्जाचा बोल्टसुद्धा पावणेआठ टनांच्या आसपास कायमचा लांबायला लागतो. कोरड्या आट्यांवर २०० न्यूटन-मीटर दिले की आपण त्या रेषेच्या पलीकडे पोहोचतो, आणि मध्यम ताकदीची गन हे एक-दोन सेकंदांत करू शकते. ताणून गेलेला बोल्ट त्या दिवशी तुटत नाही. तो पुढे कधीतरी रस्त्यावर तुटतो. कमी-जास्त आवळलेल्या नटांनी ब्रेकची डिस्क किंचित वाकते, आणि मग ब्रेक दाबला की पायाखाली थरथर जाणवते.

एवढे कळले की खोक्यावरच्या आकड्याकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. गनला बहुधा दोन टॉर्क असतात, आवळण्याचा आणि जाम नट सोडवण्याचा, आणि जाहिरातीत मोठा असतो तो दुसरा. डिवॉल्टच्या डीसीएफ ८९९ या गनचे अमेरिकेतले आकडे ७०० आणि १,२०० फूट-पाउंड आहेत, म्हणजे सुमारे ९५० आणि १,६२५ न्यूटन-मीटर. एकच गन, आकड्यांत एवढा फरक. दोन गनची तुलना करताना आकडा कोणता आणि एकक कोणते, हे आधी पाहावे. घरच्या मोटारीसाठी आवळण्याचा आकडा ३०० ते ४०० न्यूटन-मीटर असलेली, अर्धा इंची चौकोनी टोकाची गन पुरेशी आहे असे माझे ठाम मत आहे. हजाराची गन जड असते, महाग असते, आणि तिचा जोर ट्रकच्या कामाचा असतो. त्यापेक्षा वेगाचे दोन-तीन टप्पे, नट सुटताच थांबणारी उलटी फिरत आणि ब्रशलेस मोटर या गोष्टींवर पैसे खर्चावेत. ब्रशलेस मोटरमध्ये कार्बनचे ब्रश घासत नाहीत, त्यामुळे तीच बॅटरी जास्त काम करते.

बॅटरीच्या व्होल्टवरून तर फारच गोंधळ घातला जातो. लिथियम-आयन सेलचा नेहमीचा दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. पाच सेल ओळीने जोडले की १८ व्होल्ट, आणि चार्ज करून लगेच मोजले तर २१. म्हणजे १८, २० आणि २१ व्होल्टच्या गन एकाच घरातल्या. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या गनवर ‘४८ व्ही’, ‘८८ व्हीएफ’ असे जे लिहिलेले असते, त्याचा खऱ्या व्होल्टशी सहसा संबंध नसतो. आत बहुतेकदा तेच पाच सेल असतात. खरा फरक सेलच्या संख्येने पडतो. प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध २० मिलिओहम धरला, तर पाच सेलच्या बॅटरीतून ४० अँपिअर ओढताना चार व्होल्ट आतच जिरतात. दहा सेलच्या बॅटरीत जोड्या समांतर असतात, त्यामुळे दोनच जिरतात. लहान बॅटरीवर अडलेला नट मोठी बॅटरी लावताच सुटतो, तो यामुळे.

सॉकेट मात्र काळेच घ्या, जाड भिंतीचे, क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे. चकचकीत हातसॉकेट कडक पण ठिसूळ असतात आणि ठोक्यांनी तडकून त्यांचे तुकडे उडू शकतात. गन आणि सॉकेट यांच्यामध्ये लावायची लांब दांडी, म्हणजे एक्स्टेंशन, टाळावे, कारण ठोक्याची बरीच शक्ती त्याच्या पिळण्यात आणि ढिल्या सांध्यांत जाते. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि स्पार्क प्लग यांना गन लावूच नये. तिथे हवे असतात थोडेसेच न्यूटन-मीटर, आणि आटे बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. ते गेले की दुरुस्ती गनच्या किमतीला भिडू शकते. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण हवेच. बंद पार्किंगमध्ये तर हा आवाज फार बोचतो.

चाक बसवताना प्रत्येक नट आधी हाताने चार-पाच आटे फिरवावा, मग गन सर्वांत कमी टप्प्यावर ठेवून समोरासमोरच्या क्रमाने फक्त टेकवावा. गाडी जॅकवरून खाली घेतली की त्याच क्रमाने टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेला टॉर्क आला की कळवणाऱ्या पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्यावर आवळावा, आणि ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा तपासावा. बजेट आखताना टॉर्क रेंचचे पैसे आधी बाजूला काढावेत. ‘टक्’ आवाज करणारी रेंच काम झाल्यावर पट्टीवरच्या सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावी, नाहीतर स्प्रिंग दबलेली राहून पुढच्या वेळी आकडा चुकतो.