रेणू सलुजा आणि कात्रीचं काम

सोलापुरात आता गल्लीत एक तरी एडिटर सापडतोच, लग्नाचा व्हिडिओ असो नाहीतर मिरवणुकीचं रील, पोरं मोबाईलवर तासाभरात कापून मोकळी. पण हेच काम पूर्वी कसं चालायचं आणि त्यात रेणू सलुजा हे नाव एवढं मोठं का, ते फारसं कुणाला माहीत नसतं.

बाईंना पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये खरं तर डायरेक्शन शिकायचं होतं, तिथं नंबर लागला नाही म्हणून एडिटिंग घेतलं, १९७६ ला पास झाल्या. कुंदन शाह, सईद मिर्झा, विधू विनोद चोप्रा ही त्याच काळातली इन्स्टिट्यूटची मंडळी, आणि यांचेच पिक्चर कापत बाईंचं नाव झालं. चोप्रांशी लग्न झालेलं, नंतर वेगळे झाले, तरी कामाचं नातं काही तुटलं नाही.

तेव्हा सगळा कारभार फिल्मवर. सेकंदाला २४ फ्रेम, ३५ एमएमच्या एका फुटात १६. स्टीनबेक म्हणजे फिल्म बघत कापायचं टेबलासारखं मशीन, त्यावर रील पुढंमागं फिरवायचं, जिथं कापायचं तिथं पेन्सिलीनं खूण, मग कापून टेपनं जॉइंट मारायचा, आणि नाही पटलं तर तोच जॉइंट सोडवून काढलेला तुकडा शोधत बसा, अनडू बिनडू काही नव्हतं राव. आपल्याकडं मागावर तुटलेला धागा जोडतात तसंच, गाठ दिसली की माल सेकंड.

१९८३ साल बघा. एकीकडं 'अर्धसत्य', म्हणजे आपल्या पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा, सगळा ताण आणि चीड. दुसरीकडं 'जाने भी दो यारों', त्यातला शेवटचा महाभारताचा गोंधळ, कोण कुठून स्टेजवर घुसतंय आणि प्रेत कुणाच्या हातात आहे हे एवढ्या धावपळीतही आपल्याला कळत राहतं, कॉमेडीत कट जरा लांबला की हसू गेलंच. दोन्ही पिक्चर एकाच बाईनं कापलेत! माझ्या मते नॅशनल अवॉर्ड तेव्हाच द्यायला पाहिजे होतं. मिळालं ते 'परिंदा'ला, मग 'धारावी', 'सरदार' आणि 'गॉडमदर', म्हणजे एकूण ४.

मधे 'बँडिट क्वीन' झाला, 'हैदराबाद ब्लूज'सारखा छोट्या बजेटचा पिक्चरही केला, नंतर 'हे राम'. २००० च्या ऑगस्टमध्ये कॅन्सरनं गेल्या, वय फक्त ४८. 'परिंदा' बघायला घेतलात तर कबुतरखान्यातला गोळीबाराचा सीन एकदा आवाज बंद करून बघा, नुसते कट मोजा.