लावणीनंतरचा ताप

लावणीच्या दिवसांत कोकणात संध्याकाळी घरोघरी एकच तक्रार: पोटऱ्या भरून आल्यात. दिवसभर चिखलात वाकून तरवा लावल्यावर त्या दुखणारच. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात, त्यांना तेल-हळद लावली की झालं. अंगात थोडी कसकस असली तरी 'भिजलो म्हणून' असं म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा मळ्यात उतरतो. लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या जंतूला हेच सोयीचं पडतं. त्याची सुरुवातीची लक्षणं आणि लावणीचा शिणवटा यांत फारसा फरक नसतो.

लेप्टोस्पायरोसिसच्या साथी सिंधुदुर्गाने पाहिल्या आहेत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईतही या तापाचे रुग्ण एकाएकी वाढले. जंतू येतो उंदीर, घुशी, गुरं, कुत्री यांच्या मुतातून. उंदराच्या मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांना तो चिकटून राहतो. उंदराला काही होत नाही, पण मुतातून जंतू महिनोन्महिने बाहेर पडत राहतात. गोड्या पाण्यात आणि ओल्या मातीत ते कित्येक आठवडे जगतात. खारं पाणी मात्र त्यांना फारसं मानवत नाही. म्हणून धोका समुद्रात कमी आणि बांधाआतल्या, गुडघाभर तुंबलेल्या पाण्यात जास्त.

दिसायला हा जंतू म्हणजे पिळाची तार. जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी, लांबी तिच्या शंभर-दीडशे पट, आणि टोकं आकड्यासारखी वाकलेली. साध्या सूक्ष्मदर्शकात तो दिसतच नाही. 1907 साली अमेरिकेत स्टिमसन यांना पीतज्वराने गेला असं मानलेल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडात असे पिळदार जंतू दिसले. आकार प्रश्नचिन्हासारखा, म्हणून त्यांनी नाव दिलं 'इंटरोगन्स'. हाच जंतू हा आजार घडवतो हे 1915 मध्ये जपानच्या इनाडा आणि इडो यांनी दाखवलं.

धडधाकट, कोरडी कातडी त्याला अडवते. पण चिखल्यांनी फाटलेली, तासन्‌तास भिजून मऊ पडलेली कातडी किंवा बांधावरच्या दगडाने झालेला ओरखडा त्याला पुरतो. चिखलाचे शिंतोडे डोळ्यांत उडाले तर तिथूनही तो आत जातो. त्याची चाल मोठी मजेशीर आहे. इतर बरेच जंतू दाट द्रवात अडखळतात, हा मात्र त्यात जास्तच जोमाने सरकतो. स्क्रू फिरावा तसा स्वतःभोवती फिरत, दोन पेशींच्या फटीतून वाट काढत तो रक्तात पोहोचतो.

त्याच चिखलात धनुर्वाताचा जंतूही असतो. तो जखमेतच बसून राहतो आणि त्याचं विष मज्जातंतूंवाटे वर चढतं. पटकीचा जंतू आतड्यातच राहतो, त्याचं विष शरीरातलं पाणी उपसून काढतं. लेप्टो स्वतःच सगळीकडे हिंडतो, आणि तेही बोभाटा न करता. अनेक जंतूंच्या बाह्य आवरणातली एक चरबी आपल्या पेशी ताबडतोब ओळखतात आणि शरीर सावध होतं. लेप्टोच्या आवरणातल्या चरबीची घडण वेगळी असल्याने ती घंटा नीट वाजत नाही. शिवाय आपल्याच रक्तातली काही प्रथिनं तो अंगावर ओढून घेतो, त्यामुळे रक्तातल्या जंतुनाशक यंत्रणेला तो परका वाटत नाही.

संसर्गानंतर बहुधा एक-दोन आठवड्यांनी ताप भरतो. डोकं ठणकतं, पोटऱ्या हात लावू देत नाहीत, डोळे लाल होतात पण चिपडं येत नाहीत. (माझ्या मते ही लाल डोळ्यांची खूण प्रत्येक वाडीत माहीत हवी.) बऱ्याच जणांचा ताप एवढ्यावरच उतरतो. ज्यांचा उतरत नाही, त्यांच्यात नुकसान सांध्यांचं होतं. हाडांच्या नव्हे, पेशींच्या. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींचा हात सोडतात आणि रक्त झिरपू लागतं. फुप्फुसांत झिरपलं तर माणूस काही तासांत धापा टाकू लागतो. यकृतातही तेच. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत दिसलं की पेशी मरण्याआधीच त्यांचे जोड उसवतात आणि पित्त रक्तात उतरतं. डोळे पिवळे होतात ते त्यामुळे. मूत्रपिंडं बिघडली तरी सुरुवातीला लघवी बरी होत असते, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

रक्ततपासणीची अडचण वेगळी. नेहमीची चाचणी जंतू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती यायला आठवडा तरी लागतो. तिसऱ्या दिवशीचा 'निगेटिव्ह' अहवाल म्हणूनच फारसं काही सांगत नाही. डॉक्टर विचारतात, मळ्यात उतरला होतात का, पायाला जखम आहे का, आणि संशयावरच डॉक्सिसायक्लिन सुरू करतात; आजार बळावला असेल तर शिरेतून पेनिसिलिन. दोन्ही औषधं जुनी आणि स्वस्त आहेत, आणि वेळेत पडली तर लागू पडतात. माझ्या काकांनी चार दिवस अंगदुखीच्या गोळ्यांवर काढले होते. पाचव्या दिवशी काकूने त्यांचे डोळे पाहिले, तेव्हा कुठे ते दवाखान्यात जायला निघाले.

कापणीपर्यंत मळा वाळून कडक होतो आणि मातीतले जंतू मरून जातात. बिळातल्या उंदराच्या मूत्रपिंडात ते पुढच्या मिरगापर्यंत जिवंत असतात.