मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर तेच, वेळ निराळी

मुंबई आणि न्यूयॉर्क या विमानतळांमधले भूपृष्ठावरचे सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. जाताना असो वा येताना, ते बदलत नाही. तरीही थेट विमानाला न्यूयॉर्कला पोहोचायला जितका वेळ लागतो, त्यापेक्षा परतताना तो एरवी तास-दोन तासांनी कमी लागतो.

आधी अंतराविषयी. मर्केटर पद्धतीच्या, म्हणजे गोल पृथ्वी सपाट चौकटीत दाखवणाऱ्या, नकाशावर पट्टी ठेवून या दोन शहरांना जोडले, तर रेषा अरबस्तान, सहारा आणि अटलांटिक ओलांडते आणि तिची खरी लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, की तो सिंध, अफगाणिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोचा परिसर आणि आइसलंड असा उत्तरेकडून वळसा घालतो. नकाशावर वाकडी दिसणारी ही बृहत्‌वृत्ताची (गोलाच्या पृष्ठावरच्या सर्वांत कमी अंतराची) वाट सुमारे सोळाशे किलोमीटरने जवळची आहे. अर्थात ती नेहमीच मोकळी असते असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा त्यांना फेरा घ्यावा लागला.

वेळेचे कारण मात्र हवेत आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरत असल्याने पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोहोचायला हवे, असा तर्क पुष्कळदा ऐकू येतो. परंतु वातावरणही पृथ्वीबरोबर फिरते, म्हणून हा लाभ मिळत नाही. उष्ण कटिबंध आणि ध्रुवीय प्रदेश यांच्या तापमानातील फरकामुळे जी हवा ध्रुवांकडे सरकते, ती पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळते आणि साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांचे पट्टे, तयार होतात, ज्यांचा वेग हिवाळ्यात ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. म्हणजे परिवलनाचा हात आहेच, पण तर्काच्या अगदी उलट दिशेने!

हवेच्या सापेक्ष ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला, हिशेबाच्या सोयीसाठी अंतर १२,६०० किलोमीटर धरले तर, वारा नसताना १४ तास लागतील. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला तर पावणेसोळा तास, पाठीमागून आला तर १२ तास ३६ मिनिटे. जाण्यात गमावलेला वेळ येण्यात भरून निघत नाही. दोन्ही फेऱ्या मिळून २१ मिनिटांचा तोटा राहतोच, कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ असते.

म्हणून जवळची वाट आणि लवकरची वाट एक असेलच असे नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. हा मार्ग हजाराहून अधिक किलोमीटरने लांब होता. तरी वारा पाठीशी असल्यामुळे सुमारे १५,३०० किलोमीटरचा तो प्रवास साधारण साडेचौदा तासांत, जुन्या मार्गापेक्षा लवकर, पूर्ण झाला.