जुन्या मोटरसायकलचा गंजलेला सायलेन्सर: दुरुस्तीला देण्यापूर्वी हे वाचा

वीस वर्षांच्या गाडीचे इंजिन ठणठणीत असते आणि सायलेन्सर मात्र खालून फुटलेला असतो, असे रत्नागिरीच्या किनारपट्टीवर नेहमीच दिसते. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस बाहेरून पत्रा खातात. पण खरा गंज बहुतेक वेळा आतून सुरू होतो. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर पुरता तापतो आणि हे पाणी वाफ होऊन निघून जाते. घर ते बाजार एवढीच फेरी असेल तर ते आतच थंड होऊन तळाशी साचते. म्हणून वरून क्रोम चकचकीत दिसत असतानाही खालच्या बाजूला बोट आत जाईल एवढे भोक सापडते.

काही सायलेन्सरना तळाशी कंपनीनेच बारीक भोक ठेवलेले असते. ते साचलेले पाणी निघून जाण्यासाठी आहे. तिथून थेंब पडले तर घाबरू नका, आणि कृपा करून ते बुजवू नका.

गळती कुठे आहे?

सकाळी गाडी थंड असताना, उघड्या अंगणात सुरू करा. बंद पडवीत किंवा शेडमध्ये अजिबात नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो. मग जाड कापडाची घडी सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंद धरा. फुसफुस जिथून ऐकू येते तिथे गळती. सांध्यापाशी काळी काजळी दिसत असेल तर तीही खूणच. ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट आवाज येत असेल तर बेंड पाईप (इंजिनमधून धूर बाहेर आणणारा वाकडा पाईप) इंजिनच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, जोडतो तिथे आधी बघावे लागते. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेले पेट्रोल पाईपमध्ये पेटते. अशा वेळी अनेकदा फक्त गॅस्केट, म्हणजे सांधा हवाबंद ठेवणारी चकती, खराब झालेली असते आणि काम स्वस्तात होते. आमच्या गॅरेजमध्ये उघडलेली गॅस्केट आम्ही पुन्हा लावत नाही. ती एकदा दाबली गेली की दुसऱ्यांदा नीट बसत नाही.

वेळ जातो तो नटांत

हेडवरचे स्टड (ज्यांवर नट बसतात ते आट्यांचे दांडे) गंजून नटाशी एकजीव झालेले असतात. जोर लावला की स्टड तुटतो आणि शंभराच्या कामाचे हजाराचे काम होते. म्हणून आम्ही आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल सोडतो, गरज पडली तर गरम करतो आणि नट मागे-पुढे हलवत काढतो. गाडी एक रात्र ठेवून घेतो ती यासाठी. इतकी काळजी घेऊनही स्टड तुटला तर तुम्हाला फोन करून विचारल्याशिवाय पुढे ड्रिल लावत नाही.

वेल्डिंग की नवा?

भोकाभोवतीचा पत्रा आम्ही हातोडीने ठोकून बघतो. खणखणीत वाजला तर गंजलेला भाग कापून साधारण १.२ मिमी जाडीच्या साध्या लोखंडी पत्र्याचा तुकडा वेल्ड करतो. भोवतालचे क्रोम आधी घासून काढावे लागते, कारण ते वेल्डिंगच्या उष्णतेत विषारी धूर सोडते. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) पत्रा याच कारणासाठी वापरत नाही. ठोकल्यावर पत्रा चुरत असेल तर आम्ही वेल्डिंगला नाही म्हणतो. पातळ पत्र्यावर टाका टिकत नाही, शेजारीच नवे भोक पडते आणि तुमचे पैसे दोनदा जातात. आतला बॅफल (आवाज कमी करणारा पडदा) सुटून खडखडत असेल तरीही सायलेन्सर बदलणेच बरे.

साध्या एपॉक्सीचा लेप सायलेन्सरच्या उष्णतेला टिकत नाही. सायलेन्सरसाठीची खास पुटी किंवा पट्टी गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरती ठीक.

बाजारातला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आम्ही बसवत नाही. आवाज आणि प्रदूषणाच्या नियमभंगाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते. पीयूसी काढण्यापूर्वीही गळती बंद करून घ्या. गळतीतून आत शिरलेली हवा धुरात मिसळते आणि यंत्राचा आकडा खरा येत नाही.

काम झाल्यावर

वेल्डिंगवर आम्ही उष्णता सोसणारा रंग मारतो. तो इंजिनच्या उष्णतेने पक्का होतो, म्हणून पहिल्या फेरीत थोडा धूर आणि वास येईल. त्या दिवशी गाडी धुऊ नका. पुढे आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग अर्धा तास चालवा, म्हणजे आतले पाणी सुकेल. समुद्राकाठी किंवा चिखलातून जाऊन आल्यावर सायलेन्सर थंड होऊ द्या, मग गोड्या पाण्याने धुवा. नवी गॅस्केट तापून बसली की नट थोडे सैल पडतात. आठ-दहा दिवसांनी एक चक्कर टाका, आम्ही ते पुन्हा आवळून देतो. त्याचे पैसे घेत नाही.