पुणे–दिल्ली: कोस, रात्री, तास

दिल्ली किती लांब, असं पुण्यात कुणाला विचारा. किलोमीटर कुणी सांगत नाही. 'दोन तास' म्हणतात. गाडीने जाणारा म्हणतो, 'एक रात्र'. पेशवाईत हेच उत्तर कोसांत आणि मजलांत मिळालं असतं.

त्या काळचा वेग कळतो तो पानिपताच्या बातमीवरून. लढाई १४ जानेवारी १७६१ ची. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघून भेलशापर्यंत, म्हणजे आजच्या विदिशापर्यंत, पोचले होते. तिथे २४ तारखेला एका सावकाराचं पत्र त्यांच्या हाती लागलं: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या. साडेसहाशेएक किलोमीटरला दहा दिवस, आणि पुणं तिथूनही कितीतरी पुढे.

रेल्वे आली तीसुद्धा तुकड्यातुकड्याने. खंडाळा–पुणे १८५८ मध्ये सुरू झाली, पण बोरघाटातला रूळ १८६३ चा. मधली पाच वर्षं घाट पालखीने नाहीतर तट्टावरून. दौंड–मनमाड जोडलं गेलं १८७८ मध्ये, आणि झेलम, गोवा एक्सप्रेस अजून त्याच वाटेने जातात. दिल्ली उत्तरेला, गाडी मात्र आधी पूर्वेला दौंडकडे! परवापरवापर्यंत तिथे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडत. पुण्यापासून खिडकीत तोंड पुढे करून बसलेला माणूस दौंडनंतर पाठमोरा प्रवास करायचा. दौंड स्टेशनात न शिरता गाडी वळवणारी कॉर्ड लाइन झाल्यावर बऱ्याच गाड्यांचं हे टळलं. अशा वळणांमुळे रुळांवरचं अंतर सोळाशे किलोमीटरच्या घरात जातं. आकाशातून सरळ रेघ मारली तर ते साडेअकराशेच भरतं.

विमानाची पुण्यातली सुरुवात लष्करी. लोहगावचा तळ ब्रिटिशांनी १९३९ मध्ये बांधला. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, रात्रीची हवाई टपाल सुरू झाली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं निघायची, मध्यरात्री नागपुरात जमायची, थैल्यांची अदलाबदल करून आपापल्या गावी परतायची. ती पंख्याची डकोटा विमानं. देशांतर्गत मार्गांवर कॅराव्हेल जेट आलं १९६४ मध्ये, आणि वेग दुपटीहून वाढला.

आता हिशेब करा. ताशी आठशेच्या वेगाने साडेअकराशे किलोमीटरला दीड तासही लागू नये, पण तिकिटावर दोन तास आणि वर काही मिनिटं असतात. कारण ही वेळ विमान जागचं हललं तिथपासून पुन्हा थांबेपर्यंत धरतात. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं आलं, चढण आली, दिल्लीवर उतरायच्या रांगेतल्या घिरट्या आल्या. शिवाय लोहगावला धावपट्टी एकच, जेमतेम अडीच किलोमीटरची, आणि ताबा हवाई दलाचा. सुखोई उडत असतील तर प्रवाशांनी थांबायचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी ती चौदा दिवस बंद होती, तेव्हा पुण्याचं विमानतळ म्हणजे मुंबई. अंगभर इंधन भरलेलं मोठं विमान इतक्या आखूड पट्टीवरून उठवणं अवघड, म्हणून अमेरिकेला निघालेला पुणेकर एरवीही आधी मुंबई किंवा दिल्ली गाठतो. पुरंदरच्या विमानतळाची चर्चा इतकी वर्षं चालली आहे ती याचमुळे.

२०२४ मध्ये नवं टर्मिनल झालं, जागा ऐसपैस झाली. धावपट्टी तीच, आणि कोथरूडहून तिथे जायचा रस्ताही तोच. सकाळी आठचं विमान असेल तर आमच्याकडे गजर पहाटे चारचाच लागतो.