ऊर्जाबचतीचे ऐच्छिक करार : नेदरलँड्स ते मुंबई

मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यातील हिशेबानुसार शहराच्या हरितगृह वायू उत्सर्जनापैकी सुमारे ७२ टक्के उत्सर्जन इमारती आणि उद्योगांमधील ऊर्जावापरातून होते. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठायचे असेल, तर हा वापर कमी करण्याचे बंधन व्यावसायिकांवर कायद्याने घालावे की त्यांच्याशी बोलून, लेखी करार करून ते काम करवून घ्यावे, हे ठरवावे लागेल. दुसऱ्या मार्गाला तीस वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि तो मुंबईने नीट वाचण्यासारखा आहे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवण्याची भाषा जगभर सुरू झाली. भारतात १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना स्थापन झाली आणि १९९१ पासून १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन पुरस्कार दिले जाऊ लागले. मात्र हा सारा प्रबोधनाचा आणि गौरवाचा मामला होता. त्यात कोणी कोणाला काही देणे लागत नव्हते.

देण्याघेण्याचा पहिला मोठा प्रयोग नेदरलँड्सने केला. १९९२ पासून तेथील अर्थ मंत्रालयाने एकेका उद्योगक्षेत्राच्या संघटनेशी दीर्घकालीन करार करायला सुरुवात केली. १९८९ हे आधारवर्ष धरून २००० पर्यंत ऊर्जा कार्यक्षमता २० टक्क्यांनी वाढवायची, प्रत्येक कंपनीने आपला आराखडा द्यायचा आणि दरवर्षी आकडे सरकारी यंत्रणेपुढे ठेवायचे. बदल्यात सरकारने नवे निर्बंध लादण्याचा हात आखडता घ्यायचा, असा तो व्यवहार होता. शेवटी सुधारणा २२ टक्क्यांच्या थोडी वर गेली. यातली किती सुधारणा कराराविनाही झाली असती, यावर अभ्यासकांचे मतभेद राहिले आणि माझ्या मते ते रास्तही आहेत, कारण नवे यंत्र जुन्यापेक्षा बहुधा कमी इंधन खाते. तरीही दरवर्षी मोजमाप करून ते बाहेरच्या माणसाला दाखवण्याची सवय उद्योगांना लागली, हे त्या करारांचे श्रेय निर्विवाद आहे.

डेन्मार्कने १९९६ मध्ये यात कराची जोड दिली. कार्बन कराचा बोजा कमी करून हवा असेल तर कंपनीने ऊर्जा परीक्षण करून घ्यायचे आणि ज्या उपायांचा खर्च काही ठरावीक वर्षांत वसूल होतो, ते अमलात आणायचेच. ब्रिटनने २००१ मध्ये ऊर्जावापरावर हवामान कर लावला आणि करार करणाऱ्या उद्योगांना त्यात ८० टक्के सवलत दिली. मात्र उद्दिष्टे सैल असल्याची टीका झाली आणि पूर्ण कर भरणाऱ्या कारखान्यांनीच ऊर्जावापर अधिक घटवल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. ऐच्छिक करारांच्या समर्थकांना ही गोष्ट अडचणीची आहे, आणि म्हणूनच ती टाळून पुढे जाता येत नाही. जपानमध्ये १९९७ मध्ये उद्योगांच्या महासंघाने स्वतःच कृती आराखडा जाहीर केला. त्याचा आढावा सरकारी समित्या घेत.

भारताने तुलनेने लवकर कायद्याचा रस्ता धरला. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला, मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो अस्तित्वात आला आणि महाराष्ट्रात अंमलबजावणीची जबाबदारी महाऊर्जा या राज्य सरकारच्या ऊर्जा विकास संस्थेकडे आली. पण ऐच्छिकतेचा टप्पा पूर्णपणे वगळला गेला नाही. उपकरणांवरील तारांकन, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या उपकरणाला जास्त तारे देणारे लेबल, २००६ मध्ये ऐच्छिक म्हणूनच सुरू झाले, उत्पादकांना चाचण्यांची सवय झाली आणि जानेवारी २०१० पासून एअर कंडिशनरसह काही उपकरणांना ते सक्तीचे झाले. हा क्रम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

मोठ्या कारखान्यांसाठी २०१२ मध्ये ‘पॅट’ (परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड) ही ऊर्जाबचतीचे लक्ष्य बंधनकारक करणारी आणि जादा बचत विकू देणारी योजना आली. पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतील ४७८ कारखान्यांना प्रत्येकी वेगळे लक्ष्य मिळाले, ठरलेल्या ६.६८६ दशलक्ष टन तेल समतुल्य (म्हणजे तेवढ्या तेलातून मिळेल इतक्या ऊर्जेच्या) बचतीऐवजी ८.६७ दशलक्ष टनांची बचत झाली. खत आणि औष्णिक वीज ही क्षेत्रे पहिल्या फेरीतच होती, तेलशुद्धीकरण दुसऱ्या फेरीत आले. म्हणजे चेंबूर, माहुल, ट्रॉम्बे या पट्ट्यातले बडे उद्योग ज्या क्षेत्रांत मोडतात, ती कायद्याच्या कक्षेत आली. स्वेच्छेने पुढे आलेल्यांत मुंबईत मुख्यालय असलेल्या महिंद्रा अँड महिंद्राचे नाव घ्यावे लागेल. ऊर्जा उत्पादकता, म्हणजे वापरलेल्या ऊर्जेच्या प्रत्येक एककामागे होणारी निर्मिती, दुप्पट करण्याच्या ‘ईपी १००’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमावर २०१६ मध्ये सही करणारी ती जगातील पहिली कंपनी. मात्र हे वचन सरकारला दिलेले नव्हते.

कायद्याच्या जाळीतून सुटतात ते भिवंडीचे यंत्रमाग आणि ठाणे–बेलापूर पट्ट्यातले लहान कारखाने. तिथे वाया जाणारी ऊर्जा शोधणे अवघड नाही. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद ठेवून फक्त यंत्रांना दाबाची हवा पुरवणारा कंप्रेसर चालू ठेवायचा आणि तो किती सेकंद भार घेतो, किती सेकंद रिकामा चालतो हे घड्याळावर मोजायचे. कोणीही हवा वापरत नसताना तो भार घेतो, तेवढी हवा नळांच्या सांध्यांतून आणि झिजलेल्या होजपाइपांतून गळते आहे. दुरुस्तीला फार पैसे लागत नाहीत. मोजायला सांगणारा आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारायला येणारा कोणीतरी लागतो. एकेकट्या कारखानदाराला हे जमत नाही, तेव्हा डच पद्धतीने औद्योगिक वसाहतीच्या संघटनेशी करार करणे इथे उपयोगी पडेल.

नरिमन पॉइंट, लोअर परळ किंवा वांद्रे–कुर्ला संकुलातल्या कार्यालयीन इमारतींची अडचण निराळी आहे. त्यांच्यासाठी ब्युरोचे तारांकन २००९ पासून आहे, पण ते आजही ऐच्छिक आहे. भाड्याने दिलेल्या इमारतीत चिलर, म्हणजे वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारे यंत्र, मालकाचा असतो आणि विजेचे बिल बहुतेक भाडेकरू भरतो. त्यामुळे नवा चिलर बसवण्याचा खर्च एकाच्या माथी आणि बचत दुसऱ्याच्या खिशात, अशी स्थिती होते. अशा इमारतीसाठी पालिकेने किंवा महाऊर्जाने करार करायचा झाला, तर त्यावर मालक आणि भाडेकरू या दोघांच्याही सह्या लागतील, आधारवर्षाचा प्रति चौरस मीटर वीजवापर त्यात लिहावा लागेल, आणि वचन मोडल्यास कोणती सवलत काढून घेतली जाईल हे सही होण्यापूर्वीच ठरवावे लागेल.