चिनीमातीची ही वस्तू नेमकी कशाची? (चिठ्ठी लावलेल्या नगांसाठी माहितीपत्रक)

बेळगाव कॅम्पातला जुना बंगला रिकामा होतो, शहापूर-वडगावचे माग मोडीत निघतात, एखाद्या शाळेची प्रयोगशाळा नव्या इमारतीत जाते, आणि तिथलं चिनीमातीचं सामान दुकानात येतं. लोणच्याची बरणी (कन्नड गिऱ्हाईक तिला जाडी म्हणतं) कुणीही ओळखतं. पण प्रत्येक लॉटमध्ये दोन-चार नग असे निघतात की घेणारा ते उलटसुलट करून बघतो आणि फुलदाणी समजून घरी नेतो. अशा नगांवर आम्ही ‘उपयोग पडताळून घ्यावा’ अशी चिठ्ठी लावतो. हे पत्रक त्या चिठ्ठीसोबतचं आहे.

झिलई कुठे नाही, ते आधी बघा

बहुतेक जण आधी नक्षी बघतात, मग तळाचा शिक्का. आमचं सांगणं उलटं आहे: आधी कोरी जागा शोधा. झिलई म्हणजे काचेचा थर. भट्टीत तो वितळतो आणि ज्याला टेकेल त्याला चिकटून बसतो. म्हणून वस्तू ज्या कडेवर उभी राहते, तेवढी कड पुसून कोरी ठेवावी लागते. तळाची कडी खरखरीत लागली, तर त्यातून उपयोगाबद्दल काहीच कळत नाही. तळाला तीन बारीक टिंबं दिसली, तर भाजताना ती वस्तू तीन टोकांच्या तिकाटण्यावर ठेवली होती, एवढंच. (असं तिकाटणं सुटंही येतं. टोकदार चांदणीसारखं दिसतं, लोक त्याला खेळणं समजतात. खानापूरकडे भट्ट्या असल्यामुळे भट्टीतलं सामान आपल्याकडे नवल नाही.)

तळाची कडी सोडून दुसरी कुठलीही जागा कोरी असेल, तर ती मुद्दाम ठेवलेली असते. बाहेरून चकचकीत आणि आतून कोरा जाड वाडगा म्हणजे औषधाचा खल. गुळगुळीत पृष्ठभागावर काही घोटलं जात नाही. आतून झिलई, बाहेरून फक्त बूड कोरं आणि काठाला छोटी चोच असेल, तर ती प्रयोगशाळेत द्रावण आटवायची वाटी. चोच नसलेली, उभट आणि झाकणाची असेल तर मूस, म्हणजे पदार्थ कडक तापवायचं भांडं. दोन्हींच्या बुडाला जाळ लागायचा.

आतून-बाहेरून पूर्ण कोरं, पांढरट किंवा विटकरी, नळीसारखं सरळ भांडं आलं, तर त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब लगेच मुरला आणि आत काळपट किंवा निळसर डाग असले, तर ते जुन्या विद्युतघटाचं (बॅटरीचं) सच्छिद्र भांडं असण्याची दाट शक्यता आहे. डॅनियलचा घट 1836 चा, लेक्लांशेचा 1866 चा; तारयंत्र आणि विजेची घंटा यांवर चालत. भिंतीतून द्रावण झिरपावं, पण आतलं-बाहेरचं रसायन एकमेकांत पटकन मिसळू नये, यासाठी झिलई दिलेली नसे. हे डाग रसायनाचे आहेत आणि मातीत मुरलेले आहेत. धुऊन जात नाहीत. पेन ठेवा, पण त्यात झाड लावू नका, खायचं तर मुळीच काही ठेवू नका.

खांबावरून उतरलेले नग

आमच्याकडे सर्वांत जास्त चुकीची ओळख यांचीच होते. उलटा ठेवला की मेणबत्तीचा स्टँड वाटणारा, आत जाड आटे असलेला आणि एकात एक दोन घेर असलेला ‘कप’ म्हणजे पिन इन्सुलेटर, विजेच्या खांबावर तार धरणारा विद्युतरोधक. पाऊस कितीही लागला तरी आतला घेर कोरडा राहावा, म्हणजे वीज ओल्या पृष्ठभागावरून खांबात उतरत नाही, यासाठी ते घेर. डमरूसारखा, मधून आरपार भोक आणि कमरेला खाच असलेला नग हा शॅकल इन्सुलेटर. भोकात बोल्ट, खाचेत तार.

तिसरा नग अंड्याच्या आकाराचा. त्याला दोन आरपार भोकं, पण एक आडवं, एक उभं, आणि दोन्ही एकमेकांना छेदत नाहीत. हा खांबाच्या ताणाच्या तारेत, म्हणजे खांब कलू नये म्हणून बांधलेल्या तारेत, बसतो. वरच्या तारेचा फास एका भोकातून, खालच्या तारेचा दुसऱ्यातून. दोन सुतळ्या हातात धरून ओवून बघा, लगेच लक्षात येईल: दोन्ही फास एकमेकांत अडकलेले राहतात, मधे फक्त चिनीमाती. म्हणून अंडं फुटलं तरी ताण सुटून खांब कलत नाही. याला भोकं पाडलेला पेपरवेट म्हणणाऱ्यांनी एकदा सुतळी ओवावीच.

इन्सुलेटरवर वाळू चिकटवल्यासारखा खरखरीत पट्टा असेल, तर तिथे सिमेंटने लोखंडी टोपी बसवलेली होती.

भोकं, चोची आणि नळ्या

खूप भोकांची, झिलई दिलेली, सपाट गोल तबकडी मोदकपात्राची चाळणी नाही. ती प्रयोगशाळेतल्या डेसिकेटरची, म्हणजे पदार्थ कोरडा ठेवायच्या काचपात्राची, आतली ताटली. खाली ओल शोषणारं रसायन, वर नमुना. भोकांचा तळ नसराळ्यातच पक्का असेल तर ते बुखनरचं नसराळं, 1888 पासूनचं. भोकांवर गाळणकागद ठेवत आणि खालून हवा ओढत. सहा किंवा बारा खळग्यांची पांढरी फरशी थेंब-थेंब रसायन तपासायची. रंगांसाठी वापरायला मात्र झकास.

कॅम्पातल्या घरांतून येणारे काही नग: चोच उघडी आणि तळ पोकळ असलेला पक्षी हा ‘पाय’ (pie) या भाजायच्या इंग्रजी पदार्थातली वाफ बाहेर सोडायचा. एका बाजूने सपाट, लांबट, वर बूच असलेला दगडी (म्हणजे दगडासारख्या कडक भाजलेल्या मातीचा) बाटला हा अंथरुणात पाय शेकायचा. अर्धा काठ झाकलेला तोटीचा पेला आडव्या झोपलेल्या रुग्णाला पाजायचा. किटलीसारखा दिसणारा, पण वर रुंद मान आणि बाजूला आखूड नळी असलेला नग वाफारा घ्यायचा. मानेत बुचासह काचेची नळी बसायची आणि बाजूच्या नळीतून हवा आत यायची. त्यात चहा ओतलात तर तो कपात नीट पडणारच नाही.

यंत्रमागावरची चिनीमातीची कडी बोटाच्या पेराएवढी असते, कानातल्या रिंगेसारखी. सूत तिच्यातून सरकतं. आतल्या कडेवरून नख फिरवा. बारीक चर लागला तर ओळख पक्की. धाग्याने झिजून पडलेला हा चर पुढे धागाच कापू लागतो, म्हणून कडी बदलतात आणि जुनी भंगारात येते. एका टोकाला खळगा, दुसऱ्याला फुगवटा असे मणी आले, तर ते हीटरच्या तारेवरचे. खळग्यात फुगवटा बसतो, म्हणून तार वळली तरी उघडी पडत नाही.

घरी करायची एक मोजणी

स्वयंपाकघरातला काटा पुरे. वस्तू दोन दिवस उन्हात सुकवून वजन करा. 24 तास साध्या पाण्यात बुडवा, फडक्याने टिपा, पुन्हा वजन करा. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले 100. कोरडी 400 ग्रॅम आणि ओली 440 ग्रॅम भरली, तर 10 टक्के. ही मऊ भाजणीची माती. अस्सल पोर्सेलिन अर्ध्या टक्क्याच्या आत राहतं, म्हणून इन्सुलेटर आणि प्रयोगशाळेचं सामान त्यात बसतं. दगडी बरण्या मधे कुठेतरी. पूर्ण झिलई असेल तर आकडा फसवा येतो, कारण पाण्याला शिरायला वाट फक्त तळाची. धातूची टोपी, सोनेरी काठ किंवा जोडलेला तुकडा असेल तर भिजवू नका.

शिक्का आता बघा

हिऱ्याच्या आकाराचं इंग्लंडचं नोंदणीचिन्ह 1842 ते 1883 मधलं. 1884 पासून त्याजागी ‘आरडी’ आणि नुसता क्रमांक आला. ‘निप्पॉन’ (जपानचंच जपानी नाव) साधारण 1891 ते 1921, त्यानंतर ‘जपान’. ‘ऑक्युपाइड जपान’ 1945 ते 1952. ही चिन्हं नोंदणीचा किंवा निर्मितीचा काळ सांगतात, उपयोग नव्हे. नकली शिक्केही मारले जातात, त्यामुळे शिक्का शेवटी.

वापरण्याआधी

खांबावरचे, प्रयोगशाळेचे आणि घटाचे नग स्वयंपाकघरात नेऊ नका. जुन्या रंगीत झिलईत शिसं असू शकतं आणि लोणच्याच्या आंबटात ते उतरतं; अशा भांड्यात कोरडे जिन्नससुद्धा नकोत. जुन्या बरणीवर पांढरी पावडर फुटत असेल तर ते मुरलेलं मीठ आहे. ते सुकताना फुगतं आणि झिलईचे टवके उडवतं. रोज पाणी बदलत आठवडाभर भिजवा, मग सावलीत सुकवा. गार बरणीत उकळतं पाणी ओतलं की ती तडकते. संडास साफ करायचं अॅसिड लावलं तर सोनेरी काम जातं आणि वरून छापलेला शिक्काही जाऊ शकतो.

ओळख पटत नसेल तर तळ, तोंड आणि बाजू असे तीन फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा आणि कोऱ्या जागांवर पेन्सिलीने बाण दाखवा. चिठ्ठी शाबूत असेल तर आठ दिवसांत नग परत घेतो. पाण्यात भिजवलेला चालेल, अॅसिडने धुतलेला नाही.